अप्पांच्या शुभहस्ते चढलेली यादी

माझ्या सासऱ्यांनी एकदा पाहुण्यांना माझी ओळख करून दिली ती अशी : "आमचे जावई कॉम्प्युटरवर बसतात." मी तेव्हा सतरंजीवर बसलो होतो, तरी पाहुण्यांनी समजून घेतल्यासारखी मान हलवली. मुलगी शाळेत होती तेव्हा तिनं वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात "नेट" एवढंच लिहून दिलं होतं. बाईंनी विचारलं, मासे धरतात का? गोदावरीकाठी घर, त्यामुळं बाईंचंही चूक म्हणता येत नाही.

खरं काम सांगतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतली दुकानं, शाळा, संस्था यांच्या वेबसाइटा मी बनवतो आणि सांभाळतो. वेबसाइट म्हणजे शेवटी फाइलींचं गाठोडं. ते गाठोडं माझ्या लॅपटॉपवर तयार होतं, पण लोकांना दिसायचं तर ते सर्व्हरवर न्यावं लागतं. सर्व्हर म्हणजे कुठल्या तरी लांबच्या शहरात, दुसऱ्याच्या इमारतीत, कायम चालू असलेला कॉम्प्युटर. बावीस वर्षं मी त्याची चाकरी करतोय, त्याचं तोंड अजून पाहिलेलं नाही.

फाइली तिकडं न्यायला एक सॉफ्टवेअर असतं. उघडलं की पडद्याचे दोन भाग होतात. डावीकडं माझा लॅपटॉप, उजवीकडं सर्व्हर. डावीकडची फाइल माउसनं धरायची आणि ओढत नेऊन उजवीकडं सोडायची. धान्याच्या मोंढ्यातला हमाल पोतं उचलून ट्रकमध्ये टाकतो, तेच काम, फक्त पाठ दुखत नाही. फरक एवढाच, की आमचं पोतं इकडंही राहतं आणि तिकडंही जातं. आणि तिकडं त्याच नावाचं जुनं पोतं असेल तर नवं त्याच्या जागी बसतं, जुनं कायमचं जातं. म्हणून सॉफ्टवेअर आधी विचारतं, याच नावाची फाइल तिथं आहे, तिच्या जागी ही ठेवू का? दिवसातून पन्नासदा याला हो म्हणून म्हणून माझ्या जिभेला सवय लागलीय. बायको म्हणते, घरात मी एवढ्या वेळा हो म्हणालो असतो तर संसार सोन्याचा झाला असता.

गिऱ्हाईकं एकेक. कंधारच्या एका कापड दुकानदारांचं म्हणणं, शुक्रवारी दुकान बंद असतं तर वेबसाइट पण बंद पाहिजे. "गिऱ्हाईक आत येऊन बसलं आन् मी न्हाई, बरं दिसतं का?" मी समजावून थकलो. शेवटी तीन वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी "आज दुकान बंद आहे" असं पान चढवलं आणि शनिवारी सकाळी उतरवलं. त्यांच्याइतकं समाधानी गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

पण ज्या दिवसाचं मला सांगायचं आहे तो लातूरचा.

लातूरला एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे. दहावी झालेल्या, गावाकडच्या, हुशार चाळीस मुली दरवर्षी मार्कांवरून निवडतात. राहणं, जेवण, कॉलेज, सगळं ट्रस्ट बघतं. अर्ज ऑनलाइन, निवड यादी वेबसाइटवर. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे अप्पा, डाळ मिलवाले, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज मिलच्या यंत्रापेक्षा वर. माणूस लोण्यासारखा. पण कुठलीही गोष्ट नारळ फोडल्याशिवाय सुरू झाली असं त्यांना वाटतच नाही. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, यादी चढवायची ती समारंभानं आणि अध्यक्षांच्या शुभहस्ते.

मी सकाळच्या गाडीनं नांदेडहून लातूरला गेलो. वसतिगृहाच्या हॉलमध्ये टेबलावर नवी चादर, चादरीवर माझा लॅपटॉप आणि लॅपटॉपला झेंडूचा हार. कीबोर्डवर हळदीकुंकू पडू नये म्हणून मी हात आडवा धरून बसलो होतो, तरी एंटरला लागलंच. रेक्टर मॅडमनी हातानं लिहिलेली, सही-शिक्क्याची यादी दिली होती. ती मी तिथंच बसून टाइप केली. चाळीस नावं, पुढं गाव आणि टक्के. फाइलचं नाव मागच्या वर्षीचंच ठेवलं, म्हणजे जुन्या यादीच्या जागी नवी आपोआप बसेल. आणि दरवर्षी साल बदलत बसायला नको म्हणून पानाच्या माथ्यावर नुसतं "निवड यादी" एवढंच. हा आळस पुढं सव्याज फिटला.

सव्वाअकराला नारळ फुटला. अप्पा खुर्चीवर बसले. फोटोग्राफर म्हणाला, साहेब जरा इकडं बघा. मी अप्पांच्या हातात माउस दिला आणि सांगितलं, "अप्पा, ही फाइल धरायची आणि पलीकडं ओढून सोडायची."

आता शुभकार्य माणूस कुठून सुरू करतो? उजव्या बाजूनं. उंबरठा उजव्या पायानं ओलांडायचा, प्रसाद उजव्या हातात घ्यायचा. अप्पांनी उजवीकडची फाइल धरली आणि ठामपणे डावीकडं ओढली. सर्व्हरवरची जुनी यादी माझ्या लॅपटॉपवर यायला निघाली. मी मात्र त्या क्षणी फोटोग्राफरकडं बघत पोट आत ओढत होतो.

"हे काय विचारून राहिलंय?" अप्पा म्हणाले.

"हो म्हणा, अप्पा."

अप्पांनी हो म्हटलं. टाळ्या पडल्या. माझी सकाळची टाइप केलेली नवी यादी, जिची दुसरी प्रत नव्हती, टाळ्यांच्या आवाजात पुसली गेली.

पेढे वाटताना मी पडद्यावर नजर टाकली. सर्व्हरवरच्या फाइलची तारीख मागच्याच वर्षीची दिसली. मला वाटलं, अप्पांच्या हातून गेलीच नाही वाटतं. सगळ्यांसमोर कशाला म्हणायचं, म्हणून मी हळूच डावीकडची फाइल उजवीकडं ओढली. तारीख आजची झाली. पान उघडून बघितलं. "निवड यादी", खाली चाळीस नावं. आमच्या धंद्यात एकच नियम पाळला तरी पोट भरतं : चढवलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. मी बघितलं, वाचलं नाही.

एक वाजता रेक्टर मॅडमना फोन आला. उदगीरहून कुणी काका बोलत होते. मॅडमनी स्पीकर लावला.

"मॅडम, आमच्या वैष्णवीचं नाव लागलंय यादीत. लई आनंद झाला. पण ती तर वर्षभर तुमच्याकडंच राहून राहिली. मधी काढून टाकली होती का काय, आम्हाला न सांगता?"

मॅडम हसल्या. मी हसलो नाही. लॅपटॉप उघडला. पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं. मॅडमनी कागदाची यादी शेजारी धरली. एकही नाव जुळत नव्हतं. पावणेदोन तास आम्ही मराठवाडाभर मागच्या वर्षीच्या मुली निवडत होतो.

अप्पा मोंढ्यात मिलवर पोचले होते, ते परत आले. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या हातानं झालं?"

"तुमच्या हातानं नाही अप्पा, माझ्या तोंडानं. हो म्हणा असं मी म्हणालो."

"बरं. मग मुदत वाढवू. उद्या दुपारी बाराला हजर व्हायचंय, ते आठवड्यावर नेऊ."

रेक्टर मॅडम तीस वर्षं मुली सांभाळून राहिलेल्या. त्या म्हणाल्या, "अप्पा, मुदत महिन्यावर नेली तरी काय उपयोग? ज्या पोरीनं नाव न्हाई म्हणून बघितलं, ती परत कशाला बघेल? तिच्या घरचे आज संध्याकाळपर्यंत दुसरं काहीतरी ठरवतील. आणि पोरीचं एकदा ठरलं की ठरलं."

मग मी यादी पुन्हा टाइप केली. मॅडम वाचायच्या, मी लिहायचो, अप्पा चष्मा लावून पडद्यावर ताडून बघायचे. माथ्यावर साल घातलं. दोनला यादी चढली, डावीकडून उजवीकडं, आणि आम्ही तिघांनी ती मोठ्यानं वाचली. पण सर्व्हरवर चूक दुरुस्त होते, लोकांच्या डोक्यात होत नाही. चाळीस अर्ज टेबलावर मांडले आणि तिघांनी वाटून घेऊन फोन लावायला सुरुवात केली.

अप्पांचा फोन ऐकण्यासारखा. "मी लातूरहून अप्पा बोलतोय. डाळ नको, डाळीचा फोन न्हाई. पोरगीची निवड झालीय. हाव, तुमच्याच पोरगीची. आधी न्हाई म्हणून दिसलं ती चूक आमची." काही घरी रडारड होऊन गेली होती. देगलूरच्या एका आजोबांनी मला तेलुगूत काहीतरी सुनावलं. अर्थ कळला नाही, पण पटलं. एकेका अर्जावर बरोबरची खूण होत गेली. साडेतीनपर्यंत एकोणचाळीस झाले.

चाळिसावा अर्ज प्रज्ञाचा. यादीत चौदावी. गाव इस्लापूर, किनवट तालुक्यातलं, आमच्या नांदेड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. वडील नाहीत, आई आशा वर्कर. नंबर एकच, आईचा, आणि तो दोन वाजल्यापासून संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी बारा वेळा लावला. तेरावी खेप करताना अर्ज उलटा झाला आणि मागं रबरी शिक्का दिसला : एका ऑनलाइन सेंटरचा, खाली मोबाइल नंबर. अर्ज तिथंच भरला असणार.

सेंटरवाले रहीमभाई. मी नाव सांगितलं.

"हाव, आल्या होत्या मायलेकी. बाराच्या सुमाराला. नाव न्हाई म्हणून मीच सांगितलं. पोरगी काही बोलली न्हाई, मायच रडली."

"रहीमभाई, नाव आहे. यादी चुकली होती. आता परत बघा."

कीबोर्डचा आवाज आला.

"न्हाई साहेब. मी बघून राहिलो ना. न्हाई."

मला कळलं काय झालं ते. एकदा आणलेलं पान कॉम्प्युटर स्वतःजवळ ठेवून घेतो आणि पुन्हा मागितलं की तेच पुढं करतो. हॉटेलात सकाळचा रस्सा संध्याकाळी गरम करून देतात तसं. मी म्हणालो, पान ताजं करा. रहीमभाई म्हणाले, केलं. म्हणालो, बंद करून परत उघडा. केलं. तीच यादी.

"साहेब, एक बोलू?" रहीमभाईंचा आवाज बदलला होता. "एकदा न्हाई सांगताना माझ्या जिवावर आलं. आता हाय म्हणायचं आन् उद्या पुन्हा न्हाई. गरिबाच्या पोरीची मस्करी हाय का ही?"

"दोन मिनिटं थांबा. फोन ठेवू नका."

मी त्याच यादीला नवं नाव दिलं आणि नव्या नावानं सर्व्हरवर चढवली. नवं नाव म्हणजे नवा पत्ता. ते पान रहीमभाईंच्या कॉम्प्युटरनं कधी पाहिलेलंच नाही, त्यामुळं शिळं द्यायला त्याच्याजवळ काही नसणार. पत्ता एकेक अक्षर करून सांगितला. अप्पा शेजारी उभे राहून ऐकत होते, जणू मंत्रच चाललाय.

"थांबा," रहीमभाई म्हणाले. "उघडलं. साल पण हाय वर." मग नावं वाचत खाली आले. "हाय. चौदा नंबरला हाय."

मी म्हणालो, आता लगेच त्यांच्या घरी जा.

"घरी कोण हाय? माय लसीकरणाला वाडीवर गेली, तिथं रेंज न्हाई. पोरगीला दीडच्या गाडीनं नांदेडला बसवून दिलं. तिचा मामा येणार स्टँडवर, तिथून निजामाबादला नेणार हाय. मामी बाळंत झालीय, घरात बाईमाणूस न्हाई. लातूरचं जमलं न्हाई तर जायचं, असं ठरलंच होतं त्यांचं."

"मामाचा नंबर?"

"मायकडं असंल. मी गाडी काढून वाडीवर जातो. पण साहेब, पाऊण तास तरी लागंल."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. दीडची गाडी साडेचारच्या आसपास नांदेडला टेकते. निजामाबादची गाडी पाचला. आणि मी लातूरला, तीन तासांवर. मुलीजवळ फोन नाही, मी तिला पाहिलेलं नाही. अर्जावर फोटो होता, पण झेरॉक्समध्ये तो एवढा काळा झाला होता की दोन वेण्या सोडून काही दिसत नव्हतं.

मी सुनंदाला, बायकोला फोन केला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा सुरू व्हायला दोन दिवस होते आणि ती लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती. मी एका दमात सांगितलं.

"म्हणजे तुम्ही एका पोरीचं नाव पुसलं," ती म्हणाली.

"चाळीस पोरींचं."

"आणि आता मी स्टँडवर जाऊन दोन वेण्या शोधायच्या."

"हो."

स्कूटी चालू झाल्याचा आवाज आला. फोन तिनं ओढणीत खोचला असावा, कारण पुढचं सगळं मला ऐकू येत राहिलं : रस्ता, हॉर्न, एका रिक्षावाल्याला तिनं दिलेला शिकवणीवजा दम. मग स्टँडचा गलका. हदगाव, भोकर, देगलूर. किनवटकडून आलेली गाडी रिकामी होऊन उभी होती. चार पस्तीस. आम्हाला उशीर झाला होता.

अप्पा खुर्चीच्या कडेला आलेले. रेक्टर मॅडमनी डोळे मिटलेले. मी फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

मग सुनंदानं जे केलं ते मला आयुष्यात सुचलं नसतं. ती प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभी राहिली आणि जो आवाज ती साठ पोरांच्या वर्गात लावते तो आवाज लावून, गावाच्या नावासकट हजेरी घेतली. पूर्ण नाव, आडनाव आधी. एकदा. दुसऱ्यांदा. स्टँड थोडा शांत झाल्यासारखा वाटला.

तिसऱ्यांदा नाव पुरं व्हायच्या आत कुठून तरी लांबून, सवयीनं निघालेला, बारीक आवाज आला.

"हजर."

अप्पांनी माझा खांदा धरला. पण काम संपलं नव्हतं. मामा सुनंदाशी बोलत होता, सगळं मला ऐकू येत होतं.

"तुम्ही कोण बाई? आन् नाव सकाळी नव्हतं ते आता कुठून आलं? गाडी लागलीय आमची."

"माझ्या नवऱ्याची चूक झाली."

"तुमच्या नवऱ्याची चूक झाली तर माझ्या बायकोनं बाळंतपणात एकटीनं रांधून खायचं का?"

त्याचंही चूक नव्हतं. "खरं आहे," सुनंदानं मान्य केलं. असं फार कमी वेळा होतं. मग मुलीचा आवाज आला. ती मामाशी नाही, सुनंदाशी बोलत होती.

"कितव्या नंबरला हाय?"

"चौदाव्या."

"पुढं टक्के किती लिहिलेत?"

सुनंदानं फोन कानाला लावला. "टक्के सांगा." मी यादीवर बोट ठेवून वाचलं, एक्क्याण्णव पॉइंट चाळीस. सुनंदानं तसंच सांगितलं.

"माझेच हायत, मामा," मुलगी म्हणाली.

तेवढंच बोलली. विनवण्या नाहीत. मागं कंडक्टर निजामाबाद, निजामाबाद म्हणून ओरडत होता, मग बेल वाजली आणि गाडी निघाल्याचा आवाज आला. मामा गाडीत चढला नाही हे मला सुनंदाच्या श्वासावरून कळलं.

"तुझ्या मायला इचारल्याशिवाय मी काही ठरवणार न्हाई," तो म्हणाला.

पाच वाजून वीस मिनिटांनी रहीमभाईंनी आईला रेंजमध्ये आणलं. ती भावाशी काय बोलली ते मला माहीत नाही. नंतर तिनं मला एकच प्रश्न विचारला : "साहेब, यादी कागदावर हाय का कॉम्प्युटरवर?" मी म्हणालो, कागदावर आहे, सहीनिशी. ती म्हणाली, मग ठीक हाय.

मामा-भाची त्या रात्री आमच्याच घरी राहिले. मी लातूरहून परत आलो तेव्हा दोघं कैऱ्या फोडायला बसलेले होते. मामानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत अडकित्ता हातात घेतला. मला माफी मागायची होती, ती मी नीट मागू शकलो नाही. सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही तिघं लातूरला निघालो. गाडीत मी मुलीला विचारलं, काल यादीत नाव नाही म्हटल्यावर काय वाटलं? ती खिडकीतून बघत म्हणाली, "काही न्हाई. मला वाटलं, माझ्यापेक्षा हुशार चाळीस असतील." माझ्या धंद्यात मी बऱ्याच चुका केल्या, लोकांनी शिव्या दिल्या, ते सगळं पचलं. हे वाक्य पचायला मला वेळ लागतोय.

दहाला वसतिगृहात पोचलो. निजामाबादला जातानाही मुलीनं पिशवीत ठेवलेला दाखला रेक्टर मॅडमनी बघितला, गुणपत्रक बघितलं आणि मोठं रजिस्टर उघडलं. पहिला आठवडाभर त्या सगळी नावं पेन्सिलीनं लिहितात. कुणी दुसरीकडं जातं, खाडाखोड नको, ही त्यांची वर्षानुवर्षांची पद्धत. चौदाव्या ओळीवर त्यांनी पेन्सिल टेकवली.

"बाई," मुलगी म्हणाली, "पेनानं लिहा."

मॅडम थांबल्या. त्यांनी मुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांच्या टेबलावर पेन नव्हतं. माझ्या खिशाला होतं. काढून दिलं.